एचआयव्हीबाधित मुले आणि त्यांची घरे

घरात मूल आजारी पडले म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांना ते मुद्दाम सांगावे लागत नाही. टायफॉइडने मुलाने अंथरूण धरले की कोणी पेजेचा डबा पाठविते, कोणी रात्री सोबतीला येते, आणि एखादी वडीलधारी बाई दृष्ट काढण्याचाही आग्रह धरते. दृष्ट काढल्याने ताप उतरतो असे नाही. पण त्या निमित्ताने घरातल्या माणसांचे ओझे चार हातांत वाटले जाते. एचआयव्ही या विषाणूची बाधा झालेल्या मुलाच्या घरी यांपैकी काहीच घडत नाही, कारण त्या घराने आजाराचे नाव कोणाला सांगितलेलेच नसते. मुलाला आज शाळेतून लवकर का नेले, तर दात दाखवायला. आजी दर महिन्याला जिल्ह्याच्या गावी का जाते, तर डोळे तपासायला. डबीतल्या गोळ्या कसल्या, तर शक्तीच्या. ही उत्तरे पाठ असावी लागतात, आणि घरातल्या सगळ्यांची एकसारखी असावी लागतात. या मुलांच्या पालकांवर येणाऱ्या ताणाचा विचार करताना औषध, पैसा आणि जागरणे यांच्याही आधी या पाठ केलेल्या उत्तरांचा विचार केला पाहिजे.

हे मौन कोठून आले हे समजण्यास थोडे मागे जावे लागेल. भारतात या विषाणूची बाधा प्रथम १९८६ साली मद्रास येथे, डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या तपासणीत उघडकीस आली. त्यावेळी औषध नव्हते, आणि औषध नसलेल्या रोगाविषयी समाजाची पहिली प्रतिक्रिया रोग्याला दूर करण्याची असते. गोमंतकातील लोकांना याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. १९८९ च्या फेब्रुवारीत डॉमिनिक डिसोझा या तरुणाला, त्याने दान केलेल्या रक्तात विषाणू आढळला एवढ्याच कारणावरून, पोलिसांनी ताब्यात घेतले आणि क्षयरोग्यांच्या एका जुन्या, ओस पडलेल्या इस्पितळात ६४ दिवस एकट्याला ठेवले. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्याच्या कायद्यात तशी तरतूद होती. त्याच्या सुटकेसाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे जो अर्ज झाला तो त्याची आई ल्युसी डिसोझा हिच्या नावाने. मुलगा घरी परतला; कायद्यातील ते कलम मात्र न्यायालयाने वैध ठरविले. डॉमिनिकने पुढे अशाच रुग्णांसाठी संस्था उभारण्यास आरंभ केला आणि १९९२ साली त्याचा अंत झाला. तो बालक नव्हता, हे खरे. पण आजारी अपत्यासाठी सरकारशी, इस्पितळाशी आणि शेजाऱ्यांशी एकाच वेळी झगडणारी आई कशी असते, हे या देशाने प्रथम त्या प्रकरणात पाहिले. आज जी घरे मूग गिळून बसतात त्यांच्या मनात त्या काळातले भय वंशपरंपरेने उतरले आहे, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

बालकांना ही बाधा बहुतेक आईकडूनच होते. गर्भात, प्रसूतीच्या वेळी किंवा अंगावरच्या दुधातून. कोणताही उपाय योजला नाही तर अशा शंभर बाळंतपणांत १५ ते ४५ मुलांना बाधा होऊ शकते. आईला वेळीच औषध सुरू झाले आणि बाळाला जन्मताच थेंब मिळाले तर हेच प्रमाण ५ च्या खाली येते. म्हणजे प्रत्येक बाधित मुलामागे बहुधा कोठेतरी राहून गेलेली एक तपासणी असते. ही गोष्ट आकडेवारीत साधी दिसते, आईच्या मनात ती साधी नसते. आपल्यामुळे मुलाला हे झाले, ही टोचणी तिला जन्मभर पुरते. तिला स्वतःला तो रोग नवऱ्याकडून आला असेल, नवऱ्याचा रोग सासरी ठाऊक असूनही लग्न झाले असेल. तरी बोट तिच्याकडेच दाखविले जाते, आणि पुष्कळदा ते बोट प्रथम तीच स्वतःकडे दाखविते.

त्यातच निदानाची प्रतीक्षा असते. जन्मलेल्या बाळाच्या रक्तात आईची प्रतिद्रव्ये दीड वर्षापर्यंत राहू शकतात. त्यामुळे नेहमीच्या तपासणीने त्या वयाच्या आत बाळाविषयी खात्रीने काही सांगता येत नाही. पूर्वी अठरा महिने वाट पाहावी लागे. बाधित बालकाला उपचार न मिळाल्यास अशी जवळजवळ निम्मी मुले दुसरा वाढदिवस पाहत नाहीत, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या अठरा महिन्यांचा अर्थ कळतो. २०१० पासून सहा आठवड्यांच्या बाळाच्या टाचेतून घेतलेले रक्ताचे थेंब कागदावर वाळवून मोठ्या प्रयोगशाळेत पाठविण्याची सोय राष्ट्रीय कार्यक्रमात झाली. प्रतीक्षा आटली. ती पुरती संपली नाही, कारण अंगावर पाजणाऱ्या आईच्या बाळाची तपासणी पुन्हापुन्हा करावीच लागते. बारसे झाले, उष्टावण झाले, जावळ काढले. पाहुणे जेवून गेले. आणि एवढ्या सगळ्या समारंभांत आई मनातल्या मनात पुढल्या तपासणीची तारीख मोजत असते.

मोफत औषधोपचाराचा आरंभ सरकारने १ एप्रिल २००४ रोजी केला. मुलांसाठी स्वतंत्र योजना आली ती २००६ च्या अखेरीस. या दोन तारखांच्या मधल्या काळात काय चालले होते? मोठ्या माणसांच्या गोळ्या सुरीने कापून अर्ध्या-पाव करीत आणि मुलाच्या वजनाप्रमाणे देत. गोळी कापली म्हणजे दोन तुकडे सारखेच होतात असे नाही, आणि भुगा सांडला तर मात्रा कमी पडते. औषधाची मात्रा कमी पडली किंवा वेळ चुकत गेली की विषाणू त्या औषधाला जुमानीनासा होतो. हे एकदा समजावून सांगितल्यावर अडाणी म्हणविणाऱ्या आज्याही घड्याळाला कशा बांधल्या जातात, हे एआरटी केंद्रांतील समुपदेशकांना चांगले ठाऊक आहे. ज्या घरात कोणी घड्याळ पाहून जेवले नाही त्या घरात औषधाची वेळ काटेकोर पाळली जाते. मग ती लग्नघरी असो, जत्रेत असो, की ऊसतोडीच्या फडावर असो.

काही मुलांच्या वाट्याला लोपिनाविर आणि रिटोनाविर यांचे पातळ औषध आले. ज्यांनी ते पाजले आहे त्यांनाच त्याची कथा सांगता येईल. चव इतकी कडू की मूल ओठ मिटून घेते. द्रावणात मद्यार्काचे प्रमाण शेकडा ४२ च्या घरात. आणि बाटली थंड जागी ठेवणे आवश्यक. ज्यांच्या घरी शीतकपाट नाही त्यांनी माठाशेजारी, ओल्या वाळूत, किंवा शेजाऱ्यांच्या शीतकपाटात ठेवावी. यांतला शेवटचा मार्ग अर्थातच बंद, कारण शेजारी विचारणार, बाटली कशाची? मूल ओकले तर पुन्हा पाजायचे, रडले तर समजूत घालायची, आणि हे सारे दिवसातून दोन वेळा. २०१७ साली हे औषध काही काळ मिळेनासे झाले तेव्हा शेकडो मुलांनी देशाच्या पंतप्रधानांना पत्र लिहून ते मागितले. इतके कडू औषध मुलांनी होऊन मागावे, यावरून परिस्थिती ओळखावी. आता डोलुटेग्राविर हे औषध मुलांसाठी पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्यांच्या रूपात निघाले आहे, त्याला फळाचा स्वाद असतो, आणि पाजणाऱ्यांचे बरेचसे हाल त्यामुळे वाचले आहेत. विज्ञानाने केलेल्या उपकारांत गोळीच्या गोडीला लहान स्थान देऊ नये.

हे औषध पाजते कोण? पुष्कळ घरांत आई असते, पण तीही आजारी असते. बाप वारलेला असतो. त्याच्या आजारात शेताचा तुकडा किंवा बैलजोडी गेलेली असते. नवरा गेल्यावर सुनेला सासरी ठेवून घेण्याचा प्रश्न येतो तेव्हा रोग हे कारण पुढे केले जाते. त्यामागे जमिनीचा वाटा असतो, हे गावात सर्वांना कळते आणि कोणी बोलत नाही. मग ती माहेरी येते. माहेरी भाऊ असतो, भावजय असते, त्यांची मुले असतात. भावजयीला दुष्ट ठरविणे सोपे आहे. पण तिच्या मुलाबाळांसह त्याच दोन खोल्यांत या मायलेकरांना सामावून घेणे आणि त्यातच ‘आपल्या मुलांना काही होणार नाही ना’ ही भीती बाळगणे, हेही एक ओझेच आहे. ताटवाटी, अंथरूण, स्नानगृह, मिठी, मुका, डास यांतून हा विषाणू पसरत नाही, हे तिला कोणी शांतपणे, दोनदा-तीनदा सांगितले तर ती पुष्कळदा निवळते. कोणी सांगितले नाही तर मुलाचे ताट वेगळे होते. वेगळ्या ताटाचे कारण त्या मुलाला कोणी सांगत नाही. पण चार वर्षांच्या मुलालाही ते ताट दिसते.

आई गेली म्हणजे भार आजीवर येतो. साठी-पासष्टी ओलांडलेल्या या स्त्रिया एकदा मुले वाढवून मोकळ्या झालेल्या असतात. पोटची मुलगी किंवा मुलगा गेल्याचे दुःख करायला त्यांना सवड मिळत नाही, कारण मांडीवर नातू असतो. बाटलीवरचे नाव त्यांना वाचता येत नाही. त्या डबी रंगावरून आणि आकारावरून ओळखतात, आणि पुरवठादार बदलून डबीचा रंग बदलला की घाबऱ्या होतात. मोतीबिंदू, गुडघे, रक्तदाब हे त्यांचे स्वतःचे आजार रांगेत मागे उभे राहतात. ‘हे पोर हाताशी येईपर्यंत देवाने मला ठेवावे’ एवढेच त्यांचे मागणे असते. ते मागणे वरवर भाविकपणाचे वाटते. त्यात पुढचा पालक कोण, हा अत्यंत व्यवहारी प्रश्न आहे.

या व्यवहारी प्रश्नाचा विचार कायद्याने केला आहे, हे फार थोड्यांना माहीत आहे. २०१७ साली संसदेने एचआयव्ही व एड्सविषयीचा कायदा केला आणि तो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. नोकरी, शाळा, उपचार यांत भेदभाव करू नये आणि रुग्णाची माहिती त्याच्या संमतीवाचून फोडू नये, या त्यातील तरतुदींची थोडीफार चर्चा झाली. पण त्यात आणखी दोन कलमे आहेत. एकानुसार बाधित आईबापांना आपल्यामागे मुलाचा पालक कोण असावा हे लेखी नेमून ठेवता येते. दुसऱ्यानुसार ज्या घरात मोठे माणूस उरले नाही, तेथे बारा वर्षांहून मोठे पण अठराच्या आतले, पुरेशी समज असलेले आणि घर चालविणारे भावंड आपल्या धाकट्या भावंडांचे पालक म्हणून शाळेत नाव घालू शकते, बँकेचे खाते चालवू शकते, उपचारासाठी संमती देऊ शकते. कायदे करणाऱ्यांनी असे कलम लिहावे, याचाच अर्थ तेरा-चौदा वर्षांच्या मुली धाकट्या भावाला औषध पाजून, भाकरी करून मग शाळेत जातात, किंवा जात नाहीत, हे त्यांना दिसले होते. या मुलींना स्वतःला बाधा असतेच असे नाही. निरोगी भावंडाची गोष्ट निराळी आणि उपेक्षित आहे. अंडे, दूध, शेंगदाण्याचा लाडू आजारी भावाला. चार कौतुकाचे शब्दही त्यालाच. निरोगी असल्याचा तिला राग येतो, आणि राग आला म्हणून लाजही वाटते.

औषध फुकट आहे, पण ते आणणे फुकट नाही. केंद्र बहुधा जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या इस्पितळात. जायचे म्हणजे मजुरीचा एक दिवस बुडतो, मुलाची शाळा बुडते. महाराष्ट्रात एसटीने अशा रुग्णांना मोफत प्रवासाची सवलत दिली, हे चांगलेच झाले. मात्र सवलतीसाठी गाडीतल्या चाळीस उतारूंदेखत वाहकापुढे ओळखपत्र काढावे लागते, आणि त्या चाळिसांत आपल्या गावचा कोणी नसेलच असे नाही. मग आजी कनवटीचे पैसे काढते आणि पुरे तिकीट घेते. याच कारणासाठी कित्येक जण जवळचे केंद्र सोडून दूरच्या गावचे निवडतात. सवलत देताना ती कोणाच्या देखत घ्यावी लागते याचाही विचार व्हावयास हवा होता.

शाळेचा प्रश्न सर्वांत जास्त वेळा वर्तमानपत्रांत आला. २००३ साली केरळातील दोन अनाथ, बाधित भावंडांना शाळा नाकारीत होत्या, तेव्हा त्या वेळच्या केंद्रीय आरोग्यमंत्री सुषमा स्वराज यांनी त्या मुलांना सर्वांसमक्ष जवळ घेतले. त्या एका कृतीने जे झाले ते पुष्कळ पत्रकांनी झाले नसते. तरीही २००९ साली लातूर जिल्ह्यातील हासेगाव येथे अशी मुले शाळेत येतात म्हणून गावातल्या पालकांनी आपली मुले काढून घेतली, आणि २०१४ साली दक्षिण गोव्यात एका अनाथाश्रमातील तेरा मुलांना पालकांच्या दडपणामुळे शाळेबाहेर राहावे लागले. साक्षरतेचा अभिमान बाळगणाऱ्या प्रांतांत हे घडले, हे विसरता येत नाही. विरोध करणारे पालक निष्ठुर होते असे मानण्याचे कारण नाही; तेही आपापल्या मुलांच्या काळजीनेच बोलत होते. पण त्यांच्या काळजीला माहितीचा आधार नव्हता, आणि तिची किंमत दुसऱ्याच्या मुलांनी मोजली.

ज्यांना घरच उरले नाही अशांसाठी काही माणसे उभी राहिली. पंढरपूरला मंगलताई शहा यांना गोठ्यात टाकून दिलेल्या दोन चिमुरड्या मुली आढळल्या. आईबाप या रोगाने गेलेले, नातेवाईक हात लावीनात. त्यांतून २००१ साली ‘पालवी’ ही संस्था उभी राहिली. हासेगावला रवी बापटले यांनी २००७ साली ‘सेवालय’ सुरू केले. ज्या गावाने आरंभी विरोध केला त्याच गावच्या शिवारात ती मुले वाढली. अशा संस्थांचे मोल मोठे आहे. तथापि घर शक्य असेल तेथे घरच बरे, असे या क्षेत्रात काम करणारी बरीच माणसे सांगतात. आजीला महिन्याचे थोडे साहाय्य मिळाले आणि मुलाचे ताट वेगळे नसले, तर मूल संस्थेत जाण्याची वेळ पुष्कळदा टळते. बालसंगोपनाची सरकारी योजना याच हेतूने आहे. तिचे अर्ज, दाखले आणि खेटे यांविषयी न बोललेले बरे.

मूल आठ-दहा वर्षांचे झाले की निराळा पेच उभा राहतो. ते विचारते, ‘ताईला का नाही गोळ्या? मलाच का? ताप तर गेला.’ काही दिवस शक्तीच्या गोळ्यांची थाप चालते. मूल हुशार असते, इस्पितळाच्या भिंतीवरची पाटी वाचते, आणि एके दिवशी ते गप्प होते. घरच्यांना वाटते त्याला माहीत नाही. त्याला वाटते घरच्यांना दुःख होईल म्हणून आपण बोलू नये. एकमेकांना जपण्यासाठी दोन्ही बाजू एकच गोष्ट लपवितात. शाळकरी वयाच्या मुलांना त्यांच्या समजुतीच्या बेताने, टप्प्याटप्प्याने खरे सांगावे, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली दिला. आधी ‘रक्तात एक जंतू आहे, गोळी त्याला निजवून ठेवते’ एवढेच; नाव नंतर; तो कसा आला हे त्याहून नंतर. सल्ला योग्यच आहे. पण तो अमलात आणायचा म्हणजे आईने मुलाला सांगायचे की हा जंतू माझ्याकडून आला. आणि आजीने सांगायचे की तुझी आई कावीळ होऊन गेली नाही. त्यासाठी समुपदेशक शेजारी बसलेला असला तरी शब्द घरच्या माणसालाच उच्चारावे लागतात. काही मुले रागावतात, गोळ्या फेकतात. चौदा-पंधराव्या वर्षी औषध सोडणाऱ्यांची संख्या लहानांपेक्षा जास्त असते. काही मुले आईलाच धीर देतात. कोणते मूल काय करील, हे आधी कोणालाही सांगता येत नाही.

नव्याने बाधित होणाऱ्या बालकांची संख्या आता पुष्कळ घटली आहे. २०२१ साली देशात सुमारे २४ लाख बाधित होते असा अंदाज निघाला, आणि त्यांत पंधरा वर्षांखालील मुले शेकडा तीनच्या आसपास. जी मुले २००४ च्या आगेमागे जन्मली आणि जगली, ती आज विशीत आहेत. कोणी महाविद्यालयात जाते, कोणी कारखान्यात. औषध नियमित घेऊन रक्तातील विषाणू तपासणीत न दिसण्याइतका कमी राहिला तर जोडीदाराला शरीरसंबंधातून बाधा होत नाही, आणि योग्य उपचाराने त्यांची बाळे निरोगी जन्मू शकतात, हे वैद्यकाने आता निश्चित केले आहे. ‘सेवालया’सारख्या संस्थांत वाढलेल्या काही मुलामुलींची लग्नेही लागली. घरी वाढलेल्यांचे मात्र अवघड असते. स्थळ घेऊन येणाऱ्या पाहुण्यांना काय सांगावे, कधी सांगावे, आणि सांगून ते उठून गेले तर गावात बातमी किती वेळात पोहोचेल, याचा विचार करीत आजी ओट्यावर बसलेली असते. आणि आत नात औषधाची डबी तांदळाच्या पिंपामागे सरकवून चहाच्या कपबशा मांडीत असते.